मांडीवरून सीटवर

बारशाच्या भेटवस्तू हल्ली किती बदलल्यात! चांदीची वाटी, वाळे, पाळण्यावर टांगायचा चिमणाळा हे सगळं आहेच, पण त्यांच्या जोडीला एक भलंमोठं खोकं येतं. परदेशातल्या मावशीनं आणलेली किंवा ऑफिसातल्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून दिलेली ‘बेबी कारसीट’. सगळ्यांना कौतुक. बाळाला तिच्यात बसवून फोटो काढले जातात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती सीट कुठं असते? माळ्यावर! गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळलेली. आणि बाळ? ते गाडीत पुढच्या सीटवर, आजीच्या नाहीतर आईच्या मांडीवर.

असं का होतं? आपल्याकडच्या बायकांना बाळाची काळजी नाही असं कुणी म्हणू धजणार नाही. वारा लागू नये म्हणून कुंची, दृष्ट लागू नये म्हणून तीट, पोट दुखू नये म्हणून ओवा-शेपाचा शेक. इतकं सगळं करणारी बाई सीटचाच तेवढा कंटाळा का करते? ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बाळंतिणींच्या घरी जाणं-येणं असल्यानं मला मात्र त्यामागं वेगळं कारण दिसतं. सीट गाडीत लावायची, बाळाला तिच्यात बसवायचं, पट्टे आवळायचे, उतरताना पुन्हा सोडवायचं, हे सगळं काम घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या. आणि ज्या गाडीत हे करायचं, ती घेताना तिला कुणी विचारलेलं नसतं.

गाडीची खरेदी म्हणजे आपल्याकडे अजूनही पुरुषांचं खातं. मायलेज किती, रंग कुठला, हप्ता केवढा, यावर आठवडाभर चर्चा होते. घरातल्या बाईला फार तर रंग विचारतात. मागच्या सीटपर्यंत वाकून जाता येतं का, कडेवर मूल असताना दार उघडता येतं का, हे प्रश्न शोरूममध्ये कुणाला सुचतच नाहीत. कारण ज्यांना ते सुचले असते, त्या घरी स्वयंपाक करत असतात!

यात सगळ्यात पंचाईत करते ती दोन दारांची छोटी गाडी. गाडीवाल्यांच्या भाषेत ही ‘थ्री-डोअर’. म्हणजे दोन दारं माणसांना आणि तिसरं मागचं, सामानाला. युरोपात अशा गाड्या पूर्वीपासून आहेत. आपल्याकडे त्या फार नव्हत्या, कारण आपल्याला सगळं गणगोत घेऊन निघायचं असतं. पण आता त्या दिसू लागल्यात. २०२० ची नवी ‘थार’ दोन दारांची आली, तिची पाच दारांची बहीण यायला २०२४ उजाडलं. २०२३ मध्ये आलेली विजेवरची ‘कॉमेट’ तर जेमतेम तीन मीटर लांब, चार माणसांची आणि दोन दारांची. पार्किंगला जागा नाही, रस्त्यात गर्दी, म्हणून शहरातल्या घरात दुसरी गाडी अशी छोटीच घेतली जाते. “तुझ्यासाठीच घेतलीय, तुला चालवायला सोपी!” असं सांगून बायकोच्या हातात किल्ली दिली जाते. गाडी खरंच गोड असते. बाळ येईपर्यंत.

बाळ आलं की कळतं, मागच्या सीटला दारच नाही. पुढची डावी सीट पुढं झुकवायची, सरकवायची, लोंबणारा पट्टा बाजूला धरायचा, आणि त्या फटीतून अर्धं अंग आत घालून बाळ ठेवायचं. हातात उचलून न्यायची सीट नुसतीच चार किलोच्या आसपास असते. सहा-सात महिन्यांचं बाळ सात-आठ किलोचं. म्हणजे अकरा-बारा किलोचं ओझं हात लांब करून, कमरेत वाकून, वळवून ठेवायचं! सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर बजावून सांगतात, की साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. इथं तर पहिल्या लसीच्या दिवशीच तिची परीक्षा.

आणि मग येतो गुडघ्यांचा प्रश्न. हा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाळाबरोबर दवाखान्यात कोण जातं? आजी. आजीचे गुडघे काही त्या फटीतून मागं चढू देत नाहीत. म्हणून आजी पुढं बसणार हे ठरलेलं. आई पाठीला टेकू हवा म्हणून, नाहीतर सामान घेऊन, मागं. आणि बाळ? “द्या इकडं, मी घेते.” अशा रीतीनं घरातल्या सगळ्यांचा जीव ज्याच्यात अडकलेला, ते बाळ गाडीतल्या सगळ्यात धोक्याच्या जागी जाऊन बसतं. कुणी वाईट हेतूनं केलेलं नसतं. गाडीच्या दारांनी आणि आजीच्या गुडघ्यांनी मिळून ते ठरवलेलं असतं.

सगळ्यात धोक्याची जागा का, ते नीट समजून घ्यायला हवं. २०२१ च्या अखेरपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली. मोठ्या माणसाला, पट्टा लावलेला असेल तर, ती वाचवते. पण ती फुगते डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि प्रचंड जोरानं. मांडीवरचं बाळ नेमकं तिच्या वाटेत असतं. मागे तोंड करून बसवायची बाळसीट पुढं ठेवली, तरी तेच. एअरबॅग सीटच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागं आदळते. म्हणून तर समोरच्या ऊन अडवायच्या झापेवर बाळसीटवर फुली मारलेलं चित्र असतं. आपण ती झाप आरशात टिकली बघायला उघडतो, चित्र बघत नाही. काही गाड्यांत त्या बाजूची एअरबॅग बंद करायची सोय असते. आपल्या गाडीत आहे का, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात बघावं. नसेल तर पुढची जागा बाळाची नाहीच.

आता मांडीचं. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटतं. घरात ते खरं आहे. गाडीत नाही. साधं गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येकाला आपल्या वजनाच्या जवळजवळ वीसपट ओढ बसते. आठ किलोचं बाळ त्या क्षणाला दीडशे किलोंचं होतं. तांदळाची पन्नास किलोंची तीन पोती! आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी वेळात. कुठल्या आईचे हात पुरे पडतील? प्रेम कमी पडत नाही, हात कमी पडतात. काही जणी बाळाला मांडीवर घेऊन दोघांना मिळून एकच पट्टा लावतात. ते तर त्याहून वाईट, कारण तेव्हा आईचंच सगळं वजन बाळावर येतं.

मागच्या सीटवर बसलं की झालं, असंही नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघरी झाली. पण पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. लहानग्यांसाठी बाळसीट हाच पट्टा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ब आलं. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळसीट न लावता गाडी चालवली, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची पावती फाडताना कुणी फारसं दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. पण कायदा आपल्या बाजूनं आहे, हे घरात सांगायला उपयोगी पडतं!

“आम्ही नाही का वाढवली मुलं? कुठं होत्या खुर्च्या?” हा आज्यांचा हुकमी प्रश्न. त्याला उर्मट उत्तर देऊ नये. त्यांनी वाढवली, छान वाढवली. पण तेव्हा किती घरांत मोटार होती? घाटातून धापा टाकत जाणारी फियाट आणि आजचा द्रुतगती मार्ग यांत फरक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि आपला वेगच बदलला. रस्ता बदलला, गाडी बदलली, मग बाळाची जागाही बदलायला हवी. आज्यांना हे पटतं, नीट सांगितलं तर.

माझ्या माहितीतल्या एका घरातली गोष्ट सांगते. दोन दारांची छोटी गाडी, तीन महिन्यांचं बाळ, आणि सीट तीन आठवड्यांत माळ्यावर. सून सांगायला गेली, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, माझ्या मांडीवर कसं निवांत झोपतंय बघ. कैद्यासारखं बांधून कशाला ठेवायचं लेकराला?” सून म्हणाली, “आई, तुम्ही पुढंच बसा. फक्त मांडी मोकळी ठेवा.” सासूबाई रुसल्या. साहजिकच आहे! नातवाला मांडीवर घेऊन फिरणं हा त्यांचा मान होता, तो काढून घेतल्यासारखं वाटलं. पण खरी अडचण मानापानाची नव्हती. सीट लावणं-काढणं सुनेनं एकटीनं करायचं, आणि उशीर झाला की “झालं का तुझं?” हे सगळ्यांनी म्हणायचं, ही होती. मुलानं एका रविवारी ती सीट स्वतः लावून बघितली. पाऊण तास लागला, कंबर धरली. त्यानंतर त्या घरात “झालं का?” हा प्रश्न बंद झाला. सीट लावायचं आणि तपासायचं काम त्याच्याकडे आलं. आजोबांकडे बाळाची पिशवी आली. आणि सासूबाईंकडे खास काम, बाळाचे पट्टे बरोबर बसलेत की नाही ते बघून मगच गाडी सुरू करायची परवानगी देणं! त्यांच्या परवानगीशिवाय आता गाडी हलत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. सीट घरात असून चालत नाही, तिचं काम घरात वाटलं गेलं पाहिजे. एकटीवर टाकलेलं काम टिकत नाही, मग ते पाणी भरणं असो की पट्टा आवळणं.

ज्यांच्याकडे अशी छोटी दोन दारांची गाडी आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली म्हणजे सीट रोज काढू-घालू नका. एकदा नीट बसवून गाडीतच राहू द्या आणि बाळाला तेवढं आत-बाहेर करा. गाडीत आयसोफिक्स असेल, म्हणजे मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतील, तर त्यात अडकणारा खालचा पाट कायमचा बसवता येतो. वर सीट ‘खट्’ करून बसते. त्या कड्या नसतील तर गाडीच्या पट्ट्यानं बांधता येणारी सीट घ्या. हलवून बघा. पट्टा जातो त्या जागी धरून हलवल्यावर सीट साधारण बोटभराहून जास्त सरकता कामा नये.

दुसरी गोष्ट, सीट कुठल्या बाजूला? डावीकडे लावली तर बाळ दाराजवळ, फूटपाथच्या बाजूला येतं, वाकणं कमी. पण मागे तोंड असलेल्या सीटला जागा लागते, त्यामुळे पुढं बसणाऱ्या आजींचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. चालकाच्या मागं लावली तर आजी ऐसपैस, पण आईला तिरकं आत जावं लागतं, आणि चालवणारा उंच असेल तर त्याचीच सीट मागं जात नाही. दोन्ही बाजू करून बघा, घरातली सगळी माणसं बसवून. कागदावर ठरवू नका.

तिसरी, दाराची. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, त्यांना उघडायला जास्त जागा लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची मोटार. दार अर्धंच उघडतं. म्हणून आदल्या रात्रीच गाडी अशी लावा, की डावं दार मोकळ्या बाजूला येईल. दोघं असाल तर एकानं आधी मागं जाऊन बसावं आणि दुसऱ्यानं बाळ हातात द्यावं, म्हणजे कुणालाच वाकून वळावं लागत नाही. एकटी असाल तर पुढची सीट पूर्ण पुढं सरकवा, एक गुडघा आत टेका, बाळ छातीशी धरूनच आत न्या. हात लांब करून नाही. आणि निघण्याआधी पुढची सीट जागेवर घट्ट बसली ना, ते पाठ टेकून बघा.

चौथी गोष्ट खास आपली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सीटमध्ये बांधताच येत नाही, कारण एक पट्टा दोन पायांमधून येतो. जाड कुंची किंवा स्वेटर घातला तर पट्टा वरून घट्ट वाटतो, पण आत पोकळ राहतो. म्हणून पाय मोकळे राहतील असे साधे कपडे घाला, पट्टा बांधा आणि दुपटं वरून पांघरा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे असं समजा. लहान बाळाचं तोंड मागेच हवं. त्याचं डोकं सगळ्या उंचीच्या जवळजवळ पाव असतं आणि मान कोवळी. मागं तोंड असलं की धक्का पाठीवर सगळीकडे वाटला जातो. युरोपातल्या नव्या नियमात बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत असंच बसवतात. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घाई करून तोंड पुढं करू नका. पाय दुमडून बसणं बाळांना आवडतंच.

उन्हाळ्यात सीटवर पांढरं सुती कापड टाकून ठेवा, नाहीतर बक्कल चटका देतं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबा, बाळाला बाहेर काढा, पाजा. तान्ह्यासाठी त्याहूनही लवकर. आणि रडलं म्हणून चालत्या गाडीत सोडवून मांडीवर घेऊ नका, गाडी बाजूला घ्या. घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून सीटमध्येच ठेवू नका. मान पुढं कलली की श्वासाला अडथळा येतो. त्याला पाठीवर, सपाट जागेवर झोपवा. आणखी एक. पाळणा नणंदेकडून वहिनीकडे फिरतो, तशी सीट फिरवताना जपा. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नये, आणि प्लॅस्टिकलाही वय असतं. सीटवर त्याची तारीख लिहिलेली असते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, गाडीवाल्यांची दुखणी ही! मोटारीच नाहीत अशी घरं कितीतरी. नवरा-बायको, दोघांच्या मध्ये एक मूल आणि पुढं टाकीवर दुसरं, हे रोजचं दृश्य आहे. त्यांच्यासाठीही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवर मागं बसणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितलीय. छोट्या मापाचं हेल्मेट आणि पट्टा रास्त दरात मिळावा, हे मागायला महिला मंडळांनी पुढं यायला काय हरकत आहे? बचत गटांनी पट्टे शिवायलाही घ्यावेत असं पहिल्यांदा मनात येतं, पण इथं शिवण मापात हवी, तपासलेली हवी. जीव टांगायचाय त्याला.

आणि गाडी घेणार असाल, तर शोरूममध्ये एकदा घरातल्या बाईला घेऊन जा. नुसती बघायला नाही. ज्या सीटचा विचार आहे ती बरोबर न्या, नाहीतर मैत्रिणीची उसनी न्या. पुढची सीट झुकवायला लावा. मागं वाका. आजींना पुढं बसवा. विक्रेता मुलगा हसेल, हसू दे. पाच मिनिटांत जे कळतं ते नंतर पाच वर्षांच्या हप्त्यांत बदलता येत नाही. बारशाच्या हॉलला, सजावटीला आपण सहज हजारो रुपये मोजतो, त्याच पैशात चांगली सीट येते. छोटी गाडी वाईट नाही. दोन दारांचीही वाईट नाही. पण तिच्यात बाळाची जागा आधी ठरू द्या, बाकीच्यांची मग.

माळ्यावर असेल तुमच्याकडची सीट, तर या रविवारी खाली काढा. चादर झटका, तारीख बघा, आणि लावायला मात्र तुम्ही जाऊ नका. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाठवा. तुम्ही चहा घेत बघा.